कॅमेऱ्यातील धूळ आणि तिची सावली

भिंगे बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याने काढलेल्या छायाचित्रांत कधी कधी आकाशात करडा ठिपका दिसतो. प्रत्येक छायाचित्रात तो त्याच जागी असतो. भिंग पुसले तरी जात नाही. भिंग बदलताना आत शिरलेल्या धुळीचा हा प्रताप. गंमत म्हणजे, कॅमेऱ्याचे छिद्र मोठे केले की तो नाहीसा होतो! मग धूळ जाते कुठे?

धूळ कुठेच जात नाही. ती प्रकाश टिपणाऱ्या संवेदकावर, म्हणजे सेन्सरवर, थेट बसलेली नसते. संवेदकापुढे काचेची पातळ गाळणी असते, तिच्यावर ती बसते. चित्रात दिसते ती धुळीची सावली.

ढोबळ हिशेब करू. समजा, १/२० मि.मी. रुंदीचा कण संवेदकापासून १ मि.मी. अंतरावर आहे. छिद्र ‘एफ-२’ असताना संवेदकावरील एका बिंदूकडे येणारा प्रकाशाचा शंकू कणापाशी १/२ मि.मी. रुंद असतो. कण त्यातला शंभरावा भागच अडवतो. तेवढा फरक डोळ्याला जाणवत नाही. ‘एफ-२०’ला शंकू १/२० मि.मी. इतकाच उरतो. आता कण सगळा प्रकाश अडवतो आणि ठिपका उमटतो.

वर्गात हे सहज दाखवता येईल. खिडक्या लावून एकच ट्यूबलाइट सुरू ठेवा. तिच्याखाली, टेबलापासून चार बोटे उंच, पेन्सिल आडवी धरा. पेन्सिल नळीला समांतर असेल, तर सावली ठळक पडते. काटकोनात फिरवली की सावली विरते. असे का, हे मुलांनाच शोधू द्या.

धूळ शोधायची तर छिद्र बारीक करून, फोकस बिघडवून पांढऱ्या कागदाचे छायाचित्र घ्यावे. प्रतिमा उलटी पडत असल्याने चित्रात वर दिसणारा कण प्रत्यक्षात खाली असतो.

तोंडाने फुंकर मात्र मारू नये; थुंकीचे तुषार वाळून डाग पडतात. रुमालाने पुसल्यास धुळीचाच ओरखडा उठतो. कॅमेरा सफाईच्या स्थितीत ठेवून, तोंड खाली करून, हाताने दाबायच्या रबरी पंपाने हवा मारावी. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, नाहीतर पडदा मध्येच मिटेल. ऑलिंपसच्या ‘ई-१’ (२००३) या कॅमेऱ्यात गाळणी श्रवणातीत कंपनांनी हलवून धूळ झटकण्याची सोय आली. आता ती अनेक कॅमेऱ्यांत असते. चिकटलेली धूळ जाणकाराकडूनच काढून घ्यावी.

जाता जाता मुलांना एक प्रश्न विचारा : ढगाळ दिवशी आपली सावली का दिसत नाही?