कोळंबी कशी पकडली, हे विचारायचे की नाही?

ट्रॉलच्या जाळ्यात अडकलेले समुद्री कासव गुदमरून मरते, कारण श्वास घ्यायला त्याला पाण्यावर यावेच लागते. उपाय साधा आहे. जाळ्यात गजांची एक चौकट बसवायची. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव झडपेतून बाहेर पडते. तिला 'टेड' म्हणतात.

टेड न वापरणाऱ्या देशांची समुद्रातली कोळंबी घ्यायची नाही, असा कायदा अमेरिकेने १९८९ मध्ये केला आणि १९९६ मध्ये तो सर्व देशांना लावला. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले. सारख्या मालाला सारखी वागणूक, हा व्यापाराचा मूळ नियम. मग कोळंबी ती कोळंबी, कशी पकडली हे का विचारता, असा त्यांचा सवाल होता.

१२ ऑक्टोबर १९९८ रोजी अपिलाचा निकाल लागला आणि अमेरिका हरली. त्यामुळे 'व्यापारापुढे कासव हरले' असे अजूनही लिहिले जाते. ते चूक आहे. गॅट कराराच्या विसाव्या कलमात नैसर्गिक संपत्तीच्या जतनासाठी अपवाद आहे आणि कासव त्यात बसते, हे अपील मंडळाने मान्य केले. अमेरिका हरली ती भेदभावामुळे. कॅरिबियन भागातल्या देशांना तिने तीन वर्षांची मुदत दिली, त्यांच्याशी वाटाघाटी केल्या. आशियाई देशांना जेमतेम चार महिने दिले. पुढे तिने नियम सुधारले, तेव्हा २००१ मध्ये मलेशियाची फेरतक्रार टिकली नाही.

आम्हाला हा निकाल जवळचा वाटतो. सम्यक आजीविका म्हणजे मिळवले किती यापेक्षा मिळवले कसे, हा प्रश्न. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे तथागतांनी सांगितले. तेव्हा 'कसे ते विचारू नका' हा आपल्याच सरकारचा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. पण विचारणाऱ्याने सर्वांना एकाच मापाने मोजले पाहिजे.

आणि भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. २०१९ मध्ये अमेरिकेने भारताची समुद्रातली कोळंबी टेडच्याच कारणाने बंद केली. तळ्यात वाढवलेल्या कोळंबीला हा कायदा लागत नाही, म्हणून मोठी निर्यात चालूच राहिली. फटका बसला तो समुद्रात जाणाऱ्यांना. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या जाळ्यांना चालेल असे टेड कधीच तयार केले आहे. ते प्रत्येक ट्रॉलरवर बसवण्याचा खर्च आणि सुरुवातीला निसटणाऱ्या कोळंबीचा तोटा खलाशांच्या वाट्यातून कापला जाऊ नये, एवढी हमी सरकारने द्यावी.