सरड्याची धाव

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण दरवर्षी माझ्या वाट्याला येते. मी मराठीचा मास्तर, प्राणिशास्त्राचा नव्हे. ज्याची कुवत थोडी त्याची मजल थोडी, असा अर्थ सांगायचा आणि पुढच्या म्हणीकडे वळायचे, हा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. एके वर्षी मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, “सर, पण सरडा कुंपणापाशीच का थांबतो? पुढं का जात नाही?” मुलगा सिन्नरच्या पूर्वेकडल्या खेड्यातला, गुरांमागे हिंडलेला. वर्ग हसला, मीही हसलो. घरी येईपर्यंत मात्र ते हसू विरले होते. कारण उत्तर मला ठाऊक नव्हते, आणि मुलाचा प्रश्न टवाळीचा नव्हता.

महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारे एक स्नेही आहेत, त्यांना विचारले. वाटले, एखादे जाडजूड पुस्तक हातात ठेवतील. ते म्हणाले, “पुस्तक नंतर. आधी खुर्ची घ्या, कुंपणासमोर टाका आणि गप्प बसा. तुम्हा मास्तरांना तेवढंच जमत नाही.”

बसलो. आमच्या घरामागे मेंदीचे जुने कुंपण आहे. पहिले दोन-तीन दिवस काहीच दिसले नाही. म्हणजे सरडा होता, पण मी आलो की तो दांडीच्या पलीकडच्या अंगाला सरके आणि मी जाईपर्यंत तिथेच चिकटून राही. आपण सगळे सरडा पाहतो तो असाच, पळताना किंवा लपताना. वाटेने चालणाऱ्या माणसाला सरड्याचे एकच रूप माहीत असते, भ्यालेले. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याने मला कुंपणाचा एखादा खांब समजून सोडून दिले असावे, आणि मग त्याचा संसार दिसू लागला.

सकाळी तो काळपट असे. अंग उन्हाला आडवे धरून बसे. काळा रंग ऊन लवकर पितो, हे आपल्याला तव्यावरून आणि छत्रीवरून ठाऊक आहेच. सरड्याचे रक्त आपल्यासारखे आतून तापत नाही, त्याला ऊब बाहेरून घ्यावी लागते. अंग तापले की तोच रंग उजळत उजळत फिका होई. मग तो कुंपणातली सर्वांत उंच काडी धरी आणि पुढच्या पायांवर दंडबैठका काढाव्यात तसा वरखाली होई. पावसाळ्याच्या तोंडाला त्याचे डोके आणि गळा लालभडक झाला, गळ्याच्या दोन्ही बाजूंना काळा डाग उमटला. एकदा शेजारच्या आवारातून दुसरा नर आला. दोघांनी अंग फुगवले, माना हलवल्या, थोडी झोंबाझोंबीही झाली. हरला त्याचा लाल रंग पाहता पाहता उतरला आणि तो मातकट होऊन खाली गवतात गेला.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर पाहा. कुंपण ही सरड्याच्या धावेची मर्यादा नाही. ते त्याचे घर आहे, टेहळणीचा बुरूज आहे आणि पळून शिरायचा किल्लाही तेच आहे. किडे-मुंग्या टिपायला तो खाली उतरतो, संकट आले की घरी धावतो, आणि आपण नेमकी तेवढीच धाव पाहून म्हण करतो. म्हण करणाऱ्याचे निरीक्षण अगदी खरे होते हो. अर्थ लावताना मात्र त्याने सरड्यावर अन्याय केला.

तीच गत ‘सरड्यासारखे रंग बदलणे’ या वाक्प्रचाराची. पुढाऱ्यांच्या संदर्भात तो इतका वापरला जातो की सरड्यानेच आक्षेप घ्यावा. आपला कुंपणावरचा सरडा ज्या वस्तूवर बसेल तिचा रंग घेतो, असा समज आहे. तसे फारसे घडत नाही. त्याच्या कातडीतल्या काही पेशींत काळे रंगद्रव्य असते. ते पेशीभर पसरले की कातडी गडद दिसते, मध्यभागी गोळा झाले की फिकी. हे पसरणे-गोळा होणे ऊन-थंडी आणि राग-भय-प्रीती यांवर चालते. म्हणजे सरडा रंग बदलतो तो मनातले लपवायला नव्हे, उघड करायला. लाल गळ्यामुळे तो माणसाचे रक्त दुरूनच शोषतो, असे लहानपणी आम्हाला सांगत. इंग्रजांनीही त्याला रक्त पिणारा अशाच अर्थाचे नाव दिले होते, तेव्हा या बाबतीत आपण एकटेच वेडे नव्हतो. त्या समजुतीपायी सरड्याने दगड मात्र फार खाल्ले.

पाऊस पडून माती मऊ झाली की मादी खाली उतरते, पुढच्या पायांनी खड्डा उकरते, दहा-वीस अंडी घालते, माती लोटून दाबते आणि निघून जाते. पुढे पिलांचे पिले पाहून घेतात.

असे बैठक मारून सरडे पाहणारे अभ्यासक आपल्याकडे आहेत, आणि त्यांनी पाहिलेली एक गोष्ट सांगण्यासाठीच हा इतका पाल्हाळ लावला.

सातारा शहराच्या पश्चिमेला ठोसेघरच्या वरच्या अंगाला चाळकेवाडीचे पठार आहे. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच, जांभ्या खडकाचे, झाडे जवळजवळ नाहीत, पावसाळ्यात गवत-फुले आणि एरवी वारा. या पठारावर एक वेगळा सरडा राहतो. शेपूट सोडली तर जेमतेम बोटभर. नराच्या गळ्याखाली कातडीची घडी असते. उन्हाळ्याच्या अखेरीस, विणीच्या दिवसांत, तो एखाद्या दगडाच्या टोकावर चढतो आणि ती घडी पंख्यासारखी उघडतो. चमकता निळा, काळा आणि नारिंगी असे तीन रंग एकदम झळकतात, मिटतात, पुन्हा झळकतात. पाचोळ्याच्या रंगाच्या त्या उघड्या माळावर हा प्रकार दुरूनही डोळ्यांत भरतो. चार्ल्स डार्विन हिंदुस्थानात कधी आला नाही, पण 1871 सालच्या आपल्या ग्रंथात त्याने या पंखेवाल्या सरड्यांच्या गळ्याची दखल घेतली आहे. मादीला भुलवण्यासाठी नराला सौंदर्य कसे येते, हा त्याचा विषय होता.

या सरड्यांच्या कुळाला 1829 पासून ‘सिताना’ असे शास्त्रीय नाव होते. 2016 साली भारतीय अभ्यासकांनी ते कुळ नीट तपासले आणि मोठा रंगीत पंखा असलेल्या जातींसाठी वेगळे कुळ मांडले. नाव दिले ‘सरडा’. होय, आपलाच मराठी सरडा, रोमन लिपीत लिहून जगाच्या शास्त्रात गेला. चाळकेवाडीच्या जातीचे नाव ‘सरडा सुपर्बा’, आणि दुसऱ्या एका जातीला डार्विनचे नाव दिले. मी मराठी शिकवतो म्हणून असेल, पण ही गोष्ट वाचली त्या दिवशी मला फार बरे वाटले. जो शब्द आपण शिवी म्हणून वापरतो, तो आता जगभरच्या प्राणिशास्त्रज्ञांना उच्चारावा लागतो.

या पठारावर आणखीही काहीतरी आहे. पवनचक्क्या. वारा चांगला म्हणून तिथे त्या बऱ्याच वर्षांपूर्वी उभ्या राहिल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी ठरवले की पवनचक्क्या असलेला भाग आणि जवळचाच, पवनचक्क्या नसलेला भाग यांची तुलना करायची. पक्षी मोजले, सरडे मोजले. सरड्याकडे ठरावीक चालीने चालत जायचे आणि तो किती अंतरावर पळतो ते मापायचे, हाही त्यांच्या कामाचा भाग होता. सरडे धरून त्यांचे वजन-लांबी घेतली, रक्ताचा थेंब तपासला, गळ्याच्या रंगाची मोजणी केली. 2018 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पवनचक्क्यांच्या भागात कापशीसारखे शिकारी पक्षी दुसऱ्या भागाच्या जवळजवळ एक चतुर्थांश होते. इथवर नवल नाही. फिरत्या पात्यांपासून पक्षी दूर राहतात, काही आदळून मरतातही, हे पूर्वीपासून माहीत होते. नवल पुढे आहे. जिथे शिकारी पक्षी कमी, तिथे सरडे जास्त सापडले. ते माणसाला जास्त जवळ येऊ देत, मगच पळत. त्यांच्या रक्तात ताणाच्या वेळी वाढणारा रस कमी होता. आकाशातून झडप येत नाही म्हटल्यावर निर्धास्त झाले बिचारे. एवढे वाचून कोणीही म्हणेल, सरड्यांचे भलेच झाले. पण तेच सरडे अंगाने हडकुळे होते, आणि त्यांच्या गळ्याचे रंगही फिके होते. पंगतीला पाने वाढली आणि वाढप तेवढेच राहिले, तर दुसरे काय होणार? ज्या रंगाच्या जोरावर नराने मादीला जिंकायचे आणि प्रतिस्पर्ध्याला दबवायचे, तो रंगच उतरला.

पवनचक्कीने सरड्याला बोटही लावलेले नाही, हे ध्यानात घ्या. ती वर फिरते. तिने फक्त घारीला हटवले. पुढचे सारे पायरीपायरीने खाली उतरत गेले. अभ्यासकांचे म्हणणे असे की, शिकारी पक्ष्यांच्याही वर एक नवा शिकारी आणून बसवावा, तशी ही यंत्रे त्या पठारावर वागतात. गंमत अशी की चार दिवसांसाठी गेलेल्या पाहुण्याला यातले काहीही दिसले नसते. उलट, “इथे सरडे पुष्कळ आहेत, निसर्ग छान आहे,” असेच तो लिहून गेला असता.

मी पवनचक्क्यांच्या विरुद्ध नाही. रात्री दिवा लावून वाचणाऱ्याने तसे म्हणूही नये. पण 2006 च्या केंद्र सरकारच्या ज्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांच्या परिणामांची आधी तपासणी होते, तिच्या यादीत पवनचक्क्या धरलेल्या नाहीत. उघड्या माळावर तपासायचे तरी काय, अशी त्यामागची समजूत असावी, आणि खरे दुखणे तिथेच आहे.

कारण उघडा माळ आपल्या लेखी रिकामाच असतो. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ असे लिहिले की त्या जमिनीबद्दलचे आपले कुतूहल संपते. नाशिक जिल्ह्यात घाटमाथ्याकडे जंगल आहे, निफाडकडे द्राक्षबागा आहेत. नांदूर मधमेश्वरला पक्षी पाहायला लोक दुरून येतात. 2020 साली त्या पाणथळीला रामसर दर्जा मिळाला. येवल्याकडे ममदापूर-राजापूरला काळविटांसाठी राखीव क्षेत्र आहे, तेवढा एक माळ मोठ्या जनावरामुळे प्रतिष्ठा पावला. बाकीचे माळ? सिन्नर, चांदवड, नांदगावचे? कोणी तिथे झाडे लावायला निघतो, कोणी कचरा टाकायला, कोणी मुरूम उपसायला. पलीकडे धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभीच आहे. यांतल्या प्रत्येक माळावर आधी कोण राहत होते, याची नोंद आपल्यापाशी आहे का? नंतर मोजून उपयोग नसतो. चाळकेवाडीला निदान शेजारी तुलनेसाठी मोकळा भाग शिल्लक होता.

ही नोंद करायला बंगळूरहून कोणी यावे लागत नाही. खेड्यातल्या शिक्षकांना मी एवढेच सुचवतो. शाळेचे कुंपण किंवा गावचा माळ निवडा. चार-पाच मुले, एक वही. तारीख, वेळ, ऊन की ढग, सरडा कशावर बसला होता, रंग कोणता, मान किती वेळा हलवली, एवढे लिहायचे. मग एका मुलाने सावकाश, एकाच चालीने सरड्याकडे चालत जायचे आणि तो पळाला की जागीच थांबून उरलेली पावले मोजायची. तीच मोजणी रहदारीच्या रस्त्याकडेला करा, तीच दूर माळावर करा आणि आकडे शेजारी शेजारी मांडा. वर्षभर केलेत तर गावाला स्वतःची वही होईल. सरडा धरायचा नाही, खडा मारायचा नाही. आणि दगड उलटवून पाहायचे मुळीच नाही. आपल्या माळांवर दगडाखाली फुरसे बसलेले असते, त्याच्याशी मुलांची गाठ नको.

त्या सिन्नरच्या मुलाने हा प्रयोग सुट्टीत आपल्या गावी करून पाहिला. त्याच्या पहिल्या दहा दिवसांच्या नोंदी निकामी निघाल्या. सकाळी आठ वाजता, पाठीवर ऊन घेऊन, तो सरड्याकडे चालत गेला होता. त्याच्या आधी त्याची सावलीच सरड्यावर पडत होती, आणि अंगावर सावली आली की वर घार आहे असे समजून सरडा पळतो. तेव्हा ऊन समोर घ्या, आणि मग पावले मोजा.