‘डिजिटल’ संदेशांना बेताचीच शक्ती हवी

इस्लामपूर (ईश्वरपूर) : कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या मधल्या वाळवा तालुक्याला महापूर नवा नाही. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये सांगली जिल्ह्याने त्याचा तडाखा सोसला. वीज गेली, मोबाईलचे मनोरे बंद पडले, तरी बॅटरीवर चालणारा हौशी रेडिओ अर्थात ‘हॅम’ संच संपर्क राखू शकतो. मात्र, संगणकाच्या साह्याने ‘डिजिटल’ पद्धतीने संदेश पाठविताना शक्ती बेताने ठेवली नाही, तर ऐन वेळी संचच निकामी होण्याचा धोका असतो.

उष्णतेचे गणित

बोलताना आवाजात चढउतार असतात, शब्दांमध्ये खंड पडतो. त्यामुळे १०० वॅटचा संच पूर्ण शक्ती क्षणभरच वापरतो. सरासरी शक्ती तिच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतकीच असते. ‘एफटी ८’ या लोकप्रिय पद्धतीचे तसे नाही. नोबेल विजेते खगोलशास्त्रज्ञ जोसेफ टेलर आणि स्टीव्हन फ्रँक यांनी ती २०१७ मध्ये आणली. तीत १५ सेकंदांच्या पाळीत १२.६४ सेकंद एकसमान शक्तीने प्रक्षेपण होते आणि पुढची पाळी ऐकण्यासाठी असते. ‘आरटीटीवाय’ पद्धतीत तर संदेश संपेपर्यंत उसंतच नसते. संचातील ट्रान्झिस्टर जेवढी शक्ती ॲंटेनाकडे धाडतात, साधारण तेवढीच उष्णतेत घालवितात. म्हणूनच १०० वॅटच्या संचावर २५ ते ५० वॅट पुरेसे मानले जातात. उत्पादकाच्या पुस्तिकेतील सूचना अंतिम समजावी.

आवाजाची पातळी

संगणकाकडून येणारा ध्वनी फार मोठा झाला, की संचातील ‘एएलसी’ ही नियंत्रण यंत्रणा त्याला दाबू लागते. त्यातून संदेश विकृत होतो आणि शेजारच्या लहरींवरही गोंगाट पसरतो. यासाठी ध्वनी हळूहळू वाढवावा, ‘एएलसी’चा काटा हलताच थोडा मागे घ्यावा. संगणकाचे सूचना-ध्वनी बंद ठेवावेत. ॲंटेनाचा ‘एसडब्ल्यूआर’ आधी तपासावा. शक्ती परतू लागल्यास संचावरील ताण वाढतो.

शक्ती घटविल्याने पल्ला फारसा घटत नाही. १०० वॅटऐवजी २५ वॅट वापरले, तर फरक ६ डेसिबलचा, म्हणजे ग्राहकाच्या मीटरवर एका ‘एस’ अंकाचा पडतो. ‘एफटी ८’ तर अडीच हजार हर्ट्झच्या पट्ट्यातील गोंगाटाच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याइतका क्षीण संदेशही वाचू शकते.

गच्चीवरील काळजी

परवान्यात श्रेणीनुसार दिलेली कमाल शक्ती ओलांडता येत नाही. पण ती रोज वापरण्याची शक्ती नव्हे. ५० वॅटवर ‘एफटी ८’ चालविल्यास सरासरी २१ वॅट बाहेर पडतात. १०० वॅटवर आलटूनपालटून होणाऱ्या संभाषणात ही सरासरी दहाच्या आसपास राहते. त्यामुळे वाळवणाला किंवा पाण्याच्या टाकीपाशी माणसे वावरतात, तेथून ॲंटेना दूर व उंच असावा. शक्ती कमी ठेवल्यास ही जोखीमही घटते, शिवाय पुराच्या रात्री बॅटरी अधिक काळ साथ देते.