गळक्या नळाला पीळ हा इलाज नव्हे

ज्या ज्या घरी गळका नळ दृष्टीस पडतो, त्या त्या घरी त्याविषयी मिळणारे उत्तर बहुधा एकच असते: "नीट पिळून बंद केला की थांबतो." हे सांगणारा मनुष्य खोटे बोलत नसतो, कारण मूठ जोराने आवळली म्हणजे पाणी काही काळ खरोखरच थांबते, परंतु त्या तात्पुरत्या यशावरून पिळणे हाच गळतीवरचा इलाज होय असा जो निष्कर्ष काढला जातो, तो सर्वस्वी चुकीचा आहे, आणि कित्येक धडधाकट नळ केवळ या समजुतीपायी अकाली निकामी होतात, याची मला मनापासून चीड येते.

आटे फिरवून बंद करावयाचा हा नळ इंग्लंडातील रॉदरहॅम येथील गेस्ट अँड क्राइम्स या पितळकामाच्या कारखान्याने १८४५ साली पेटंट घेऊन बाजारात आणला, आणि त्याची अंतर्रचना मूलतः आजही तीच आहे. मुठीला जोडलेला पितळी दांडा, ज्याला प्लंबर स्पिंडल म्हणतात, तो आट्यांवरून खाली उतरतो आणि आपल्या टोकाशी असलेली रबराची चकती, म्हणजे वायसर, नळाच्या पोटातील भोकाच्या कडेवर, म्हणजे सीटवर, दाबून धरतो. पाणी अडते ते हाताच्या बळाने नव्हे, तर त्या लवचिक रबराने सीटच्या कडेशी सर्व बाजूंनी जो अखंड स्पर्श साधलेला असतो, त्याने. गच्चीवरची टाकी नळापासून दहा मीटर उंच असली तर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो भरतो, आणि भोक अर्ध्या इंचाचे धरले तरी त्यावरचा एकूण भार सव्वा किलोच्या आसपासच राहतो. शिवाय आटे हाताचा जोर अनेक पटींनी वाढवतात. तेव्हा वायसर शाबूत असेल तर दोन बोटांनी नळ बंद झाला पाहिजे, आणि तो होत नसेल तर कसूर वायसराची अथवा सीटची आहे, हे निश्चित समजावे.

अशा स्थितीत आपण पिळतो तेव्हा काय घडते? रबर कालांतराने कडक होते आणि सतत दाबाखाली राहिल्याने मूळ आकार परत घेण्याची त्याची शक्ती क्षीण होत जाते. त्यावर सीटच्या कडेची वर्तुळाकार खाच उमटते, आणि प्रत्येक जादा फेऱ्यानिशी ती खाच अधिक खोल होते. म्हणून आज थोड्याशा जोराने थांबलेली गळती काही दिवसांनी अधिक जोर मागते, मग त्याहूनही अधिक, आणि घरातील वृद्धांना व मुलांना तो नळ बंद करणेच अशक्य होऊन बसते. शेवटी रबर फाटते, स्पिंडलचे आटे झिजतात, फटीतून वेगाने निसटणारे पाणी आणि त्यातली वाळू सीटला चरे पाडतात, आणि क्षुल्लक किमतीच्या चकतीने मिटला असता तो मामला अख्ख्या नळाच्या खर्चावर जातो. इतके होऊनही "नळच हलका होता" असा दोष त्या बिचाऱ्या पितळाला दिला जातो, हे मला न्यायाचे वाटत नाही.

थेंबाथेंबाने असे कितीसे पाणी जाणार, ही दुसरी समजूत. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने अशा हिशेबासाठी एक थेंब पाव मिलिलिटरचा धरला आहे. त्या मानाने सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाकाठी ८६,४०० थेंब, म्हणजे २१.६ लिटर पाणी घालवतो, आणि जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाणी पुरवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या थेंबांची किंमत कळते. ती ओळखूनच लेखक व व्यंगचित्रकार आबिद सुरती यांनी २००७ साली मीरा रोड येथे रविवारी प्लंबरला सोबत घेऊन घरोघरचे गळके नळ विनामूल्य दुरुस्त करण्याचे काम आरंभिले.

किरकोळ समजुतींची वासलात थोडक्यात लावतो. पांढरी टेफ्लॉन टेप नळ आणि पाइप यांच्या आट्यांतली फट बुजवते, तोंडातून पडणाऱ्या थेंबाशी तिचा संबंध नाही. नळ चालू असताना मुठीच्या बुडातून पाणी झिरपत असेल तर वायसर निर्दोष असून दांड्याभोवतीच्या ग्लँडचे नट किंचित आवळावे अथवा आतले पॅकिंग बदलावे. पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळांत रबराऐवजी सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात. तेथे पिळणे निव्वळ निरर्थक असून आतले कार्ट्रिजच बदलावे लागते.

वायसर बदलण्यासाठी कारागीरच हवा, हाही समज सोडावा. प्रथम टाकीकडून येणारा कॉक बंद करून नळातले उरलेसुरले पाणी काढून टाकावे. बेसिनच्या भोकात फडके कोंबावे, म्हणजे स्क्रू त्यात पडणार नाहीत. मूठ अर्धवट उघडी ठेवावी, म्हणजे वायसर सीटवर रुतलेला राहणार नाही. आणि मग पाना लावून वरचा भाग उलटा फिरवून काढावा. जुना वायसर खिशात घालूनच दुकानात जावे, कारण अंदाजाने आणलेला हटकून लहान वा मोठा निघतो. नवा बसवण्यापूर्वी सीटवरून बोट फिरवावे आणि क्षणभर कॉक उघडून आतली रेती वाहून जाऊ द्यावी. बोटाला खाच लागली, किंवा नवा वायसरही थोड्याच दिवसांत गळू लागला, तर मात्र प्लंबरला बोलावावे; पण नवा नळ बसवून द्या असे न सांगता, आधी सीट घासून पाहा असे सांगावे, कारण सीट सपाट करण्याचे हत्यार असते आणि पितळ जाड असेल तर तोच नळ पुन्हा कामास येतो.