तात्पुरत्या वस्तूंचे आयुष्य

पंगतीत एखादा वाढपी घाईचा निघाला आणि पाहुण्याचा ताकभात उरला असतानाच त्याने पत्रावळ उचलली, तर काय होईल? उलट, पंगत उठल्यावरही पत्रावळी तशाच पडून राहिल्या, तर दुसरी पंगत बसणार कोठे? संगणकाच्या स्मृतीत हाच प्रश्न क्षणोक्षणी उभा राहतो.

दोन शब्द जोडून छापावेत, अशी आज्ञा आपण लिहितो. तो जोडशब्द कोठे तरी ठेवावा लागतो. त्याला आपण नाव दिलेले नसते. आपली आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरविणारा कंपायलर हा अनुवादक त्यासाठी जागा घेतो व काम संपताच ती मोकळी करतो. पण काम संपले, असे केव्हा म्हणावयाचे?

बियार्ने स्ट्रॉस्ट्रप यांनी १९७९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जिचा पाया घातला, त्या सी प्लस प्लस भाषेत याचे निश्चित उत्तर बराच काळ नव्हते. १९९० च्या सटीप संदर्भग्रंथाने तो निर्णय अनुवादकावरच सोपविला होता. परिणामी कोणी वस्तू पहिल्या उपयोगानंतर लगेच नष्ट करी, कोणी विधानाच्या अखेरीस, तर कोणी संपूर्ण खंडाच्या शेवटी. एकच आज्ञावली एका अनुवादकाच्या हाती बिनचूक चाले, तर दुसऱ्याच्या हाती मोकळ्या झालेल्या जागेतील कचरा वाचू लागे. आणि दोष कोणाचा, हे सांगता येत नसे. कारण नियम मोडावयास आधी नियम असावा लागतो!

१९९३ साली प्रमाणीकरण समितीने तो ठरविला. ज्या पूर्ण पदावलीत वस्तू जन्मली, तिच्या अखेरीस, काही ठरावीक अपवाद वगळता, त्या वस्तूचा अंत व्हावा. १९९८ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात हा नियम आला, आणि अकाली विसर्जन हा कंपायलरचाच दोष, असे ठामपणे म्हणता येऊ लागले.

तथापि नियमही कधी फसवितो. यादीतील प्रत्येक घटकावर फिरणारे एक सुटसुटीत आवर्तन २०११ साली भाषेत आले. ते वस्तुतः अनेक विधानांचा संक्षेप होते. त्यामुळे तात्पुरत्या वस्तूच्या पोटातील यादी मागितली, तर मूळ वस्तू फेरी सुरू होण्यापूर्वीच नष्ट होई. कंपायलर निर्दोष, लिहिणारा गाफील आणि यंत्र मूक! कधी उत्तर बरोबरही येई, आणि हाच त्यातील मोठा धोका. २०२४ साली प्रकाशित झालेल्या प्रमाणाने अशा वस्तूंचे आयुष्य आवर्तन संपेपर्यंत वाढविले.

जुन्या अनुवादकांवर ज्यांची भिस्त आहे, त्यांना मात्र एक पथ्य पाळावेच लागते. जी वस्तू पुढे लागणार, तिला आधीच नाव द्यावे. नाव मिळालेल्या वस्तूला तिच्या खंडाच्या शेवटापर्यंत अभय असते.