साळखात्यातले आजोबा आणि ध्वनी शिकणारी नात

लालबागमधल्या माझ्या दवाखान्यात गेली पंचवीस वर्षे एक कुटुंब येत आहे. त्या घरातल्या तीन पिढ्यांचे ताप, खोकले आणि रक्तदाब मी पाहिले आहेत. दोन वर्षांपूर्वी मधल्या पिढीचे गृहस्थ रक्तदाब मोजून घ्यायला आले आणि दंडावरचा पट्टा निघण्याआधीच म्हणाले, "डॉक्टर, आता तुम्हीच पोरीला समजवा. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली, चांगले गुण पडले आणि आता म्हणते, संगीत आणि तंत्रज्ञान शिकणार. म्हणजे करणार काय? गणपतीत डीजे लावणार?"

लालबागमध्ये राहणाऱ्या माणसाला 'ध्वनी' म्हटले की मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरांचीच आठवण होते, यात त्यांचा दोष नाही. मी त्यांची गोळी वाढवून दिली आणि मुलीला पाठवा, असे सांगितले. खरे तर त्या दिवसांत मला त्या घरातल्या दुसऱ्याच माणसाची अधिक काळजी वाटत होती.

ते म्हणजे मुलीचे आजोबा, वय 78. तरुणपणी परळच्या एका गिरणीत साळखात्यात चार साचे चालवत. 1982 च्या संपानंतर गिरणी सुटली, पण भजनी मंडळ सुटले नाही. दर गुरुवारी पेटीवर बसून अभंग गाणे हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम होता. तो अचानक मोडला. गुरुवारी घराबाहेर पडेनात. घरात कोणी काही विचारले तर भलतेच उत्तर देत, टीव्ही मोठ्याने लावत आणि आवाज वाढला की तेच त्रासून बंद करत. सूनबाई म्हणाल्या, "विसरायला लागलेत." मी झोपेची चौकशी केली, बी-12 तपासून घेतले, मन उदास असावे असा तर्क केला आणि कागदावर वयोमानाची नोंद करून मोकळा झालो. सुमारे तीन महिने असे गेले. त्या काळात मी त्यांच्या कानांची साधी तपासणीसुद्धा केली नाही. ही चूक माझी.

ती उमगली मुलीमुळे. वडिलांनी 'समजावून घ्यायला' पाठवलेली ती मुलगी लॅपटॉप घेऊनच आली. तिचा अभ्यासक्रम नुकताच सुरू झाला होता. मायक्रोफोन, ध्वनिमुद्रण, सभागृहांतील नादाचे वर्तन यांच्या जोडीने माणसाचा कान नाद कसा ऐकतो, हाही तिथे एक विषय होता. तिने आजोबांच्या भजनाच्या जुन्या कॅसेटचे मुद्रण लावले. मग एक कळ फिरवत 2,000 हर्ट्झच्या वरचे सारे ध्वनी हळूहळू काढून टाकले. पखवाज जसाच्या तसा राहिला. पेटी घोंगडीखाली झाकल्यासारखी झाली. झांज जवळजवळ नाहीशीच झाली आणि अभंगाचे शब्द वितळले. 'सात', 'हात' आणि 'आठ' यांत फरक कळेना. "डॉक्टर काका, आजोबांना असे ऐकू येत असेल का?" तिने विचारले. मी काही क्षण गप्प बसलो. मग आजोबांना बोलावून घेतले.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी वृद्ध माणूस आहे, त्यांनी हे नीट समजून घ्यावे. आपल्या अंतःकर्णात शंखासारख्या एका नळीत सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. उंच स्वरांच्या पेशी नळीच्या तोंडाशी, खालच्या स्वरांच्या आत खोलवर. वय वाढते तशा तोंडाजवळच्या पेशी आधी झिजतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यात वर्षानुवर्षे यंत्रांच्या गोंगाटात काम झाले असेल, तर 4,000 हर्ट्झच्या आसपास ऐकण्यात एक खड्डाच पडतो. साळखात्यात साचे सुरू झाले की शेजारच्याशी बोलायला ओठ आणि हातवारेच वापरावे लागत, असे माझ्या कित्येक जुन्या रुग्णांनी सांगितले आहे. गिरण्या गेल्या, पण तो खड्डा घेऊन अनेक जण आजही आपल्या चाळींत बसले आहेत.

अशा माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. बोलण्यातला जोर स्वरांत असतो आणि स्वर खालच्या पट्टीत असतात. अर्थ ज्यांच्यावर अवलंबून असतो ती स, श, फ, थ ही व्यंजने मात्र वरच्या पट्टीत. म्हणून "ऐकू येते, पण कळत नाही" ही तक्रार खोटी किंवा हट्टाची नसते. ओरडून बोलण्याचाही उपयोग होत नाही. झिजलेल्या कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि थोडा मोठा झाला की तो एकदम असह्य होतो. टीव्ही मोठा करून स्वतःच वैतागणाऱ्या आजोबांचे कोडे इथे सुटले. लॅपटॉपवरची ती गाळणी हे सारे दाखवू शकत नाही, ती केवळ झलक देते. पण घरच्या माणसांना तेवढी झलक पुरली. त्या रात्री तिने तेच मुद्रण आईवडिलांना हेडफोनवर ऐकवले. सूनबाईंनी दुसऱ्या दिवशी येऊन मला विचारले, "म्हणजे हे विसरत नव्हते? ऐकूच येत नव्हते?"

मी आधी कानातला मळ पाहिला, मग ट्यूनिंग फोर्क लावला. 512 हर्ट्झचा हा दुकाटा प्रत्येक डॉक्टरच्या खणात असतो. तो शोधला जॉन शोअर या इंग्रज वादकाने, 1711 मध्ये, आपले वाद्य जुळवण्यासाठी. स्टेथोस्कोपचा जनक लाएनेक बासरी वाजवी. जिवंत माणसाचे स्वरयंत्र दोन आरशांच्या साह्याने 1854 मध्ये पाहिले ते मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने, आणि स्वतःच्याच घशात. नातीचे वडील शेजारी बसले होते म्हणून मी हे जरा मोठ्यानेच सांगितले.

आपल्या भागालाही हे नवे नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला काढलेले गांधर्व महाविद्यालय 1908 मध्ये मुंबईत आले आणि गुरूच्या घरातले गाणे वर्गात, परीक्षेत आणि पुस्तकात शिरले. त्यांचे शिष्य बी. आर. देवधर यांनी ऑपेरा हाउसजवळच्या आपल्या विद्यालयात आवाजाच्या शास्त्राचा ध्यास घेतला. कुमार गंधर्व त्याच विद्यालयात घडले. साठच्या दशकाच्या अखेरीस मुंबई विद्यापीठाने संगीत केंद्र सुरू केले. त्याचे पहिले संचालक डॉ. अशोक दा. रानडे यांनी गाण्याइतकाच बोलण्याच्या आवाजाचाही अभ्यास केला. परळमध्ये व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई चित्रपटांचे ध्वनिमिश्रण करत. त्या काळी ही विद्या स्टुडिओत उमेदवारी करूनच मिळे. आज ती वर्गात मिळते. प्रभादेवीला पु. ल. देशपांडे कला अकादमीच्या वास्तूत 2022 मध्ये लता मंगेशकर यांच्या नावाने शासनाचे संगीत महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा गायन, तबला, सतार यांच्या जोडीला ध्वनी अभियांत्रिकीचाही अभ्यासक्रम होता. पुण्याच्या चित्रपट संस्थेत ध्वनीचे शिक्षण घेतलेल्या रसूल पूकुट्टी यांना 2009 मध्ये ऑस्कर मिळाले. पवईच्या आय.आय.टी.मध्ये प्रा. प्रीती राव यांच्या प्रयोगशाळेत हिंदुस्थानी रागसंगीतातले स्वर संगणकाने मोजले जातात. गृहस्थ ऐकत होते. डीजेचा उल्लेख त्यांनी पुन्हा केला नाही, मात्र "नोकरी लागेल ना?" हे तेवढे विचारले. त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. माझ्या बरोबरीच्या सगळ्या डॉक्टरांचे तरी कुठे बरे चालले आहे!

आजोबांना मी कानाच्या तज्ज्ञांकडे पाठवले. श्रवणतपासणीत दोन्ही कानांचे आलेख उजवीकडे उतरंडीसारखे घसरलेले होते. श्रवणयंत्रे बसली. बोलणे पहिल्याच आठवड्यात सुधारले, गुरुवार मात्र फसला. मंडळात इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावतात. यंत्र कानात घालून बसताच आजोबांना तो थरथरत, येत-जात असल्यासारखा ऐकू येऊ लागला. पेटीचा लांबवलेला सूर मध्येच फाटे. त्यांनी यंत्रे काढून खिशात टाकली आणि घरी आले. "याच्यापेक्षा बहिरा बरा," असे म्हणाले.

इथे नातीचे शिक्षण खरे कामी आले. श्रवणयंत्र मुळात बोलण्यासाठी घडवलेले असते. पंख्याची घरघर एकसारखी चालू असते, म्हणून यंत्र ती दाबते. तानपुऱ्याचा अखंड नादही त्याला घरघरच वाटतो. स्थिर, लांब सूर आला की यंत्राला वाटते आपलीच शिट्टी वाजते आहे, आणि ते तो सूर खोडू पाहते. मोठे आवाज दाबून आणि लहान उचलून ते सारे एका पातळीवर आणते, त्यामुळे गाण्यातला चढउतार सपाट होतो. मुलीने हे सगळे तपासणीच्या केंद्रात त्यांच्याच भाषेत सांगितले आणि संगीतासाठी वेगळा कार्यक्रम यंत्रात भरून घेतला: गोंगाट दाबणे बंद, शिट्टी खोडणे अगदी कमी, दाब सौम्य. पुढच्या भेटीला आजोबा पेटी घेऊनच गेले. रिक्षातून, मांडीवर.

ही सोय अनेक यंत्रांत असते, पण विचारल्याशिवाय कोणी सांगतेच असे नाही. तुमच्या घरी कोणी गात-वाजवत असेल, नुसते रेडिओवरचे गाणे ऐकत असेल, तरी यंत्र घेतानाच हे सांगावे आणि वाद्य किंवा आवडीचे मुद्रण सोबत न्यावे. नायर रुग्णालयात आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत श्रवणशास्त्र शिकवले जाते आणि तपासणीही होते. अल्प उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्राची तरतूद आहे. 'लान्सेट' आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत न सुधारलेल्या श्रवणदोषाची गणना केली आहे, म्हणून वर्षानुवर्षे थांबू नये.

मुलीलाही मी मोकळी सोडली नाही. दिवसभर हेडफोन लावणाऱ्या विद्यार्थ्याचे कान हीच त्याची पुंजी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढाला 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास चालतो. आवाज 3 डेसिबलने वाढला की वेळ निम्मी, म्हणजे 83 ला 20 तास आणि 86 ला 10. मी तिची श्रवणतपासणी करून घेतली आणि तो कागद जपून ठेवायला सांगितला. आजोबांनी तो हातात घेऊन आपल्या कागदाशेजारी धरला. तिची रेघ सरळ होती.

आजोबांचे वरचे सप्तक परत आलेले नाही. पेटीच्या उजव्या टोकाच्या पट्ट्या त्यांना अजूनही बोथट वाटतात, आणि दोन कानांना एकच सूर जरा वेगवेगळा ऐकू येतो, अशी तक्रार आहे. म्हणून ते आता खालच्या पट्टीत गातात आणि कठीण जागा आल्या की शेजारचा तरुण पेटी सांभाळतो. गुरुवार मात्र पुन्हा सुरू झाला आहे. गेल्या महिन्यात नातीने मंडळाचे भजन नीट मुद्रित केले. खोलीत चार माइक लावून, पंखे बंद करून. मे महिना होता. घामाघूम मंडळी कुरकुरत होती, आणि आजोबा त्यांना दटावत होते, "अरे, गप्प बसा, तिला पंख्याचा आवाज नको आहे."