सिगारेट सोडल्यावर फुप्फुस पुन्हा तरुण होते का?

तरुण कार्यकर्त्याला सिगारेटबद्दल टोकले की उत्तर ठरलेले असते: “मला कुठे दम लागतो?” ते खोटे नसते. पण फुप्फुसात राखीव क्षमता इतकी असते की बरेच गमावल्यावरच दम लागू लागतो.

फुप्फुसाची ताकद विशी-पंचविशीत सर्वाधिक असते. निरोगी तरुण पुरुष जोराने फुंकून पहिल्या सेकंदात साधारण साडेतीन-चार लीटर हवा बाहेर टाकतो. पुढे ही क्षमता सगळ्यांचीच घटते, कधीही सिगारेट न ओढलेल्यांचीही. फरक वेगाचा. अमेरिका आणि कॅनडातील ‘लंग हेल्थ स्टडी’त श्वासनलिका थोड्या अरुंद झालेल्या धूम्रपान करणाऱ्यांवर ११ वर्षे लक्ष ठेवले गेले. ओढत राहिलेल्या पुरुषांची क्षमता वर्षाला सरासरी ६६ मिलिलीटरने घटली, सोडलेल्यांची ३० ने. ३० वर्षांचा ढोबळ हिशेब मांडला तर एकाचे जवळपास दोन लीटर जातात, दुसऱ्याचे ९०० मिलिलीटर.

हे पेशींत कसे घडते? पेशी विभागताना गुणसूत्रांच्या टोकांवरची ‘टेलोमिअर’ नावाची टोपणे दरवेळी थोडी झिजतात. ती फार आखूड झाली की पेशी विभागणे थांबवते. सिगारेटचा धूर डीएनएला थेट इजा करतो, शिवाय जखमी अस्तर भरून काढण्यासाठी पेशींना वारंवार विभागायला लावतो. त्यामुळे म्हातारपण लवकर येते. अशी म्हातारी पेशी गुपचूप मरतही नाही. दाह वाढवणारी द्रव्ये सोडून ती शेजारच्या पेशींनाही आपल्यासारखे करते. याच दाहात वायुकोशांच्या नाजूक भिंती नष्ट होत जातात, आणि एकदा गेलेल्या भिंती पुन्हा उभ्या राहत नाहीत.

तेव्हा शीर्षकातील प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. सोडल्यावर खोकला-कफ कमी होतो, घसरणीचा वेग न ओढणाऱ्याच्या जवळ येतो. गेलेली क्षमता मात्र बहुतांशी गेलेलीच राहते. म्हणूनच तिशीत सोडणे आणि पन्नाशीत सोडणे यांत मोठे अंतर आहे.

बिडी ‘साधी’ म्हणून कमी घातक, हा समजही सोडा. तेंदूपान नीट जळत नाही, ती विझू नये म्हणून झुरके जास्त मारावे लागतात, आणि निकोटिन व टार सिगारेटपेक्षा कमी जात नाही.

सुरुवातीच्या काळात छातीचा एक्स-रे बहुधा स्वच्छच येतो. ही घट दिसते ती स्पायरोमेट्रीत. नळीत जोराने फुंकायचे, काही मिनिटांचे काम. वर्षानुवर्षे ओढत असाल तर डॉक्टरांकडे याच तपासणीची मागणी करा.